सगळं खापर सत्तेचाळिसाव्यावर

बारावीला आनुवंशिकता शिकवताना मी फळ्यावर गुणसूत्रांच्या जोड्या काढते. तेवीस जोड्या, ओळीनं. एकविसाव्या जोडीपाशी आले की तिथं एक जास्तीची रेघ ओढते आणि सांगते, हा डाऊन सिंड्रोम, शेहेचाळीसऐवजी सत्तेचाळीस. पुस्तकात त्यावर एक परिच्छेद आहे: ठेंगणी उंची, गोल चेहरा, जाड जीभ, बुद्धीची मंद वाढ. मुलं त्याच्याखाली रेघा मारून तो पाठ करतात, कारण परीक्षेत येतो. इतकी वर्षं शिकवूनही मी वर्गात कधी सांगितलं नाही की या परिच्छेदातली बाई माझ्या घरात राहते, माझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे आणि तिला मी ताई म्हणते.

लाज वाटायची म्हणून नव्हे, कंटाळा यायचा म्हणून. सांगितलं की समोरच्याचा आवाज मऊ होतो आणि पुढचं वाक्य ठरलेलं असतं: “पण हे लोक किती आनंदी असतात ना.” हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. ताईला काय झालंय हे कळायला आम्हांला जवळजवळ वर्ष लागलं, त्याला निम्मं हे वाक्य जबाबदार आहे. उरलेल्या निम्म्याला मी.

आमचं घर औरंगाबादच्या हडको वसाहतीत होतं. दोन खोल्या, पुढं ओटा, ओट्याला लागून जमिनीतला हौद. वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते. ते गेल्यावर आई, ताई आणि मी अशा तिघी उरलो. त्या वर्षांत पावसानं लागोपाठ दगा दिला होता. जायकवाडीचं पाणी तळाला गेलेलं आणि शहर मात्र चारी बाजूंनी फुगत चाललेलं. नळाला आधी तिसऱ्या दिवशी पाणी यायचं, मग पाचव्या, मग आठव्या. बरं, येण्याची वेळ कुणी सांगत नसे. गल्लीतली सगळी माणसं नोकरदार. नळाला कान लावून बसणार कोण?

ताई बसायची. पाण्याआधी नळातून हवा येते, तिचा फुसफुस आवाज होतो. तो आम्हांला दोन हातांवरून ऐकू यायचा नाही, ताईला स्वयंपाकघरातून यायचा. ती उठायची, गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक दाराची कडी वाजवायची आणि एवढंच म्हणायची, “पाणी आलं.” कुलूपबंद घरांच्या किल्ल्या तिच्याकडं असायच्या. त्यांचे नळ ती स्वतः सुरू करायची आणि हौद भरले की बंद करायची. मग घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला लाल गोल काढायची. तिला वाचता येत नाही, आकडे येतात. समोरच्या काकू म्हणायच्या, “ताई हाय म्हणून निभतंय बाई, नाय तर आमचा हौद कोरडाच राह्यला असता.” ताईला हे कळायचं. मान ताठ करून घरात यायची आणि दोन पेले पाणी प्यायची, जणू तिनंच ते धरणातून आणलं होतं.

मला मात्र त्या पाण्याचा वीट आला होता. कॉलेजातून दमून यावं आणि बादल्या उपसाव्यात, सुट्टी पाण्याच्या दिवशी पडावी म्हणून देव पाण्यात ठेवावेत, याला जगणं म्हणतात का? मी हट्टानं जालना रोडला, शेंद्र्याच्या वाटेवर झालेल्या नव्या सोसायटीत फ्लॅट बघितला. चौथा मजला, लिफ्ट, टाक्या टँकरनं भरणार, मोटार आपोआप चालू होणार, आपोआप बंद होणार. नळ फिरवला की पाणी. हडकोतलं घर विकलं आणि आम्ही तिकडं गेलो. पहिल्या आठवड्यात मी उगाचच नळ सोडून त्याच्याकडं बघत राहायचे. इतकी खूश होते मी.

ताई पहिले काही दिवस सिंकजवळ स्टूल टाकून बसायची. नळाला कान लावायची. नळ सतत भरलेला, त्यातून हवा येणार कुठून? मग ती गॅलरीत बसू लागली. मग गॅलरीतही जाईना. कॅलेंडर मी नवं आणून लावलं होतं, ते तसंच कोरं राहिलं. दिवाळीपर्यंत ताई भिंतीकडं तोंड करून पडून राहू लागली. पहाटे चारला जागी व्हायची आणि उजाडेपर्यंत तशीच पडायची. वेणी घालू द्यायची नाही. कपडे बदलायला अर्धा तास. ताटातली भाकरी कुस्करून ठेवायची आणि खायची नाही. कधी कधी स्वतःच्याच गालावर थपडा मारून घ्यायची, आवाज न करता. आई म्हणायची, “नवी जागा मानवली नाही. सिल्लोडला मामाकडं नेऊन आणू का चार दिवस?” मी म्हणायचे, जागेला काय झालंय? इतकी हवेशीर जागा.

मग डॉक्टर सुरू झाले. पहिले आमचे नेहमीचे, ताईला लहानपणापासून बघणारे. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, “काय, कशी आहेस?” ताईनं मान वर केली, दोन्ही हात जोडले, सगळे दात दाखवून हसली आणि म्हणाली, “मजेत.”

“बघा, मजेत आहे,” डॉक्टर आईला म्हणाले. “वजन कमी झालं ते बरंच झालं. अशी मुलं वय वाढलं की थोडी हट्टी होतात. गुणसूत्रांचा प्रश्न आहे, आपण काय करणार?”

मूल छत्तीस वर्षांचं होतं.

हे ‘मजेत’ कुठून आलं ते सांगायला हवं. ताई लहान असताना नातेवाईक घरी यायचे आणि तिच्यासमोरच च्-च् करायचे. काय हे नशीब, पुढं कसं व्हायचं, वगैरे. आमच्या आईचा स्वाभिमान भारी. तिनं ठरवलं की कुणाला कीव करायची संधीच द्यायची नाही. कुणी ‘कशी आहेस’ म्हटलं की ताईनं हात जोडायचे, हसायचं आणि ‘मजेत’ म्हणायचं. ते शिकवायचं काम माझ्याकडं आलं. मी आठ वर्षांची, ती बारा. मी आईची पर्स खांद्याला लावून दाराबाहेर जायचे, कडी वाजवून आत यायचे आणि मावशीच्या आवाजात विचारायचे, “काय गं, कशी आहेस?” ती हसायची विसरली की मी पुन्हा बाहेर, पुन्हा आत. बरोबर आलं की शेंगदाण्याच्या लाडवाचा तुकडा. दोन महिन्यांत ती इतकी तरबेज झाली की ताप असला तरी ‘मजेत’ म्हणायची. पाहुण्यांचं च्-च् बंद झालं. ‘किती गोड आहे हो तुमची मुलगी’ सुरू झालं. आम्हांला केवढा विजय वाटला होता.

दुसरे डॉक्टर मोठ्या दवाखान्यातले. त्यांनी थायरॉईड तपासलं. तपासलं ते बरोबरच केलं, अशा लोकांचं थायरॉईड बिघडतं हे मीही जाणून होते. थोडं बिघडलेलं निघालं. गोळी सुरू झाली, तीन महिन्यांनी रिपोर्ट सुधारला. ताई काही सुधारली नाही. तरी तिथंही तिनं हात जोडून ‘मजेत’ म्हणून दाखवलं आणि डॉक्टर हसले.

तिसरे मेंदूचे. ते ताईकडं बघतसुद्धा नव्हते, तिच्या डोक्यावरून माझ्याशी बोलत होते. “तुम्ही सायन्सच्या आहात, तुम्हांला पटेल. एकविसावं गुणसूत्र जास्तीचं असलं की मेंदू लवकर म्हातारा होतो. विसरायला लागतात, खाणंपिणं सोडतात. हे होणारच होतं. आता स्वीकारा.” आणि मी स्वीकारलं. मला आजही सगळ्यांत जास्त चीड येते ती याची. आई बिचारी विचारत होती, अहो पण नाव विसरत नाही, रस्ता विसरत नाही, नुसती पडून असते. मी रिक्षात बसल्याबसल्या तिला गुणसूत्रं समजावली. फाईलच्या पाठीमागं जोड्या काढून दाखवल्या. आईनं कागद बघितला आणि रिक्षाबाहेर बघायला लागली. त्या फाईलमधल्या जुन्या कागदांवर औरंगाबाद छापलंय आणि नव्यांवर छत्रपती संभाजीनगर. एवढं मोठं शहर नाव बदलू शकलं, पण ताईच्या कागदावरचं एक निदान हलत नव्हतं. तिला पडसं झालं असतं तरी ते सत्तेचाळिसाव्याच्याच नावावर गेलं असतं.

मार्चमध्ये ताईनं पाणीही सोडलं. चमच्यानं पाजलं तर ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर यायचं. बावन्न किलोची माझी बहीण एकोणचाळीसवर आली. आई रोज तिच्या मनगटाभोवती आपला अंगठा आणि बोट जुळवून बघायची. आता ही हातची जाते, हे आम्हां दोघींना कळत होतं आणि एकमेकींशी बोलवत नव्हतं. सलाईन लावायला जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथं बिडकीनकडची एक नर्स होती. शीर शोधता शोधता तिनं विचारलं, “म्याडम, मनाच्या डॉक्टरला दाखवलं का हिला?”

“हिला डाऊन सिंड्रोम आहे,” मी तिला शिकवायच्या सुरात म्हणाले. “त्यामुळं होतं असं.”

“व्हय, ते दिसतंय की,” ती म्हणाली. “पण माझी आत्या अशीच पडायची, भितीकडं तोंड करून. जेवायची नाय, बोलायची नाय. लई वाळली होती. तिला तर असलं काई नव्हतं. मनाच्या गोळ्यांनी उठली ती.”

एका वाक्यात तिनं माझी सगळी एम.एस्सी. बाजूला सारली होती. शेहेचाळीसवाली बाई अशी पडली तर तिचं मन आजारी, आणि सत्तेचाळीसवाली पडली तर ती जन्मतःच तशी. ताईला मन आहे, ते मोडू शकतं, ही गोष्ट तिच्याबरोबर बत्तीस वर्षं एका घरात राहून मला कुणा परकीनं सांगावी लागली.

मानसोपचाराच्या डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. आम्ही तिघी आत गेलो. ताईला चालवत नव्हतं, मी तिला धरून खुर्चीत बसवलं. डॉक्टरांनी तिच्याकडं बघून विचारलं, “कशा आहात?” आणि त्या मेल्या शरीरातून ताईचे हात वर आले, जुळले, ओठ फाकले, दात दिसले. “मजेत.”

डॉक्टर हसल्या आणि त्यांनी पेन उचललं. माझा तोल सुटला.

“खोटं आहे ते,” मी म्हणाले. माझा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला असणार. “तिला आम्ही शिकवलंय तसं. मी शिकवलंय. कुणी विचारलं की ती तेच म्हणते, मरायला टेकली तरी तेच म्हणेल. तुम्ही तरी लिहू नका ते.”

आईनं पदर तोंडाला लावला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्या शांतपणे म्हणाल्या, “तुम्ही दोघी थोडा वेळ बाहेर बसा.” मी म्हटलं, तिचं बोलणं तुम्हांला समजणार नाही, जीभ जड आहे, मी सांगते ना. “वेळ लागला तर लागू दे,” त्या म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर मी अर्धा तास नुसती चरफडत होते. इतक्या वर्षांत ताई कुणाशीही माझ्याशिवाय एवढा वेळ बोलली नव्हती. दुकानात, लग्नात, बँकेत, तिला प्रश्न आला की उत्तर मी द्यायचे. आई म्हणाली, “काय सांगत असेल गं ती?”

आत बोलावल्यावर डॉक्टर म्हणाल्या, “त्यांना विचारून सांगतेय. त्या म्हणतात, माझं काम गेलं. लोक मला हाक मारत नाहीत. आता मी त्या घरी नाही, तर पाणी आल्याचं कोण सांगतं, हेही विचारत होत्या.” ताई मान खाली घालून रडत होती, आणि गाल पुसायला कुणाचा हात पुढं आला की तो ढकलत होती. आजाराचं नाव डॉक्टरांनी साध्या शब्दांत सांगितलं: नैराश्य. शेहेचाळीसवाल्यांना होतं तेच. ताईसारख्यांना ते होण्याचा धोका उलट जास्तच असतो, पण बोलून सांगता येत नाही म्हणून ते न खाण्यात, न उठण्यात, स्वतःला मारण्यात दिसतं, आणि बघणारे म्हणतात, गुणसूत्रच तसं. मला पायाखालची फरशी उचलून आत जावंसं वाटलं. संपूर्ण वेळ त्या ताईला ‘अहो’ म्हणत होत्या. आमच्या घरात छत्तीस वर्षांत तिला कुणी ‘अहो’ म्हटलं नव्हतं.

गोळ्या अगदी लहान मात्रेपासून सुरू झाल्या. पहिले तीन आठवडे काहीच फरक नाही, आणि मी रोज डॉक्टरांना फोन करून त्यांचं डोकं खाल्लं. चौथ्या आठवड्यात ताईनं वरण मागितलं. आई ताट वाढताना रडली. मग हळूहळू भात, मग अर्धी भाकरी. केस विंचरायला फणी घेऊन ती स्वतः आईपुढं बसली. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं की गोळ्या निम्मंच काम करतील, बाकीचं काम म्हणजे काम. ते आणायचं कुठून? मी खास मुलांच्या शाळांत विचारत फिरले. सगळीकडं एकच उत्तर, अठरा वर्षांपर्यंतच घेतो. अठरानंतर ही माणसं कुठं जातात, हे विचारलं तर समोरचे टेबलावरचे कागद नीट करायला लागायचे.

हडकोत परत जायचा विचारही केला. एका शनिवारी जाऊन आले. आमच्या घराच्या जागी तीन मजले उभे राहिले होते, खाली मोबाईलचं दुकान. समोरच्या काकूही मुलाकडं पुण्याला गेलेल्या. सोसायटीत टँकर येतात त्यांची नोंद वॉचमन करतो. ताईला त्याच्याबरोबर बसू द्या, ती आकडे नीट लिहिते, असा अर्ज मी दिला. सेक्रेटरींनी दोन मीटिंगा घेतल्या आणि कळवलं की काही झालं तर जबाबदारी कोण घेणार. मी जिन्यात उभं राहून त्यांना जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर ते लिफ्टमध्ये मला बघून जिन्यानं जायला लागले. ताईला काम अजूनही मिळालेलं नाही. आईबरोबर ती शेंगा सोलते, माझ्याबरोबर भाजी आणायला येते, आणि भाजीवाल्यानं तिला सोडून मला भाव सांगितला की मी आता तोंड मिटून उभी राहते.

डॉक्टरांनी एक वही ठेवायला सांगितली होती. रोज तीन रकाने: झोप, जेवण, मन. ती मी भरायचे, कारण घरात लिहिणारी मीच. तपासणीला ती वही फार उपयोगी पडायची, डॉक्टर मला शाबासकी द्यायच्या, आणि मला बरं वाटायचं की निदान हे तरी मी नीट करतेय. एका रविवारी संध्याकाळी ताई माझ्यासमोर बसून जेवत होती. पूर्ण भाकरी, वर मेथीची भाजी. सकाळी आपण होऊन आंघोळ केलेली, दुपारी आईच्या कसल्याशा बोलण्यावर हसलेली. मी झोप लिहिली, जेवण लिहिलं, आणि मनाच्या रकान्यात ‘खूश’ लिहिलं.

“काय लिहिलं?” ताईनं विचारलं.

“खूश आहेस, असं.”

“खोड.”

“का गं? दुपारी हसलीस की.”

“खोड.”

मी खोडलं. “मग काय लिहू?”

“मला विचार.”

मी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “ताई, आज मन कसं आहे?” तिनं तोंडातला घास संपवला. तिला शब्द जुळवायला वेळ लागतो, आणि आजवर तेवढ्या वेळात मीच बोलून मोकळी व्हायचे. जीभ चावून थांबले.

“राग आलाय,” ती म्हणाली.

“कुणाचा?”

“तुझा.”

मी रकान्यात ‘राग’ लिहिलं. ताईनं वही आपल्याकडं ओढली, त्या दोन अक्षरांवर बोट ठेवून बराच वेळ बघितलं, आणि वही पुन्हा माझ्यापुढं सरकवली.

“कुणाचा ते पण लिही,” ती म्हणाली.

मी माझं नाव लिहिलं.